‘आब’ म्हणजे नेमकं काय, आणि तो कुठे वापरावा

प्रश्न असा आला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्मरणिकेत निवृत्त मुख्याध्यापिकांवर लेख आहे. त्यात एक वाक्य आहे : ‘संस्थेत वाद झाले तेव्हाही बाईंनी आपला आब राखला.’ मुद्रितं तपासणाऱ्यांपैकी एकाला तिथे ‘रुबाब’ हवा, दुसऱ्याला ‘स्वाभिमान’. तिसऱ्याचं म्हणणं, शब्द फारसी आहे, काढून टाका. ‘आपला आब’ की ‘आपली आब’ हाही घोळ आहे.

वाक्य आहे तसं छापा. सुचवलेले दोन्ही शब्द चांगले आहेत, पण दोन्हींनी बाईंबद्दल वेगळंच काहीतरी सांगितलं जाईल.

आपली योग्यता ओळखून, ती न मिरवता आणि न सोडता केलेलं वागणं म्हणजे आब. त्या दोन्ही ‘न’ना सारखंच वजन आहे. योग्यता मिरवायला लागलं की तो रुबाब होतो, सोडली की लाचारी. व्याख्येत सहसा येत नाही पण वापरात कायम असतं ते असं की आब दिसायला प्रसंग लागतो. सगळं सुरळीत चालू असताना माणूस नुसता सभ्य असतो. पैसे अडकले, चारचौघांत कुणी टाकून बोललं, मदत मागायची पाळी आली, किंवा उलट हातात अचानक अधिकार आला, म्हणजे मग आब राहिला की गेला ते कळतं. म्हणून तुमच्या वाक्यातले ‘वाद झाले तेव्हाही’ हे शब्द काढू नका. ‘बाई आब राखून होत्या’ एवढंच लिहिलंत तर ते श्रद्धांजलीच्या लेखातलं ठोकळेबाज वाक्य होईल. जमलं तर वादात बाईंनी काय केलं आणि काय केलं नाही, हे पुढच्याच ओळीत सांगा.

शब्दाचा स्वभाव कळायचा तर तो कुठल्या क्रियापदांच्या संगतीत राहतो ते पाहावं. आब राखतात, सांभाळतात, घालवतात. आब राहतो, जातो. बस, एवढंच त्याचं गोत. आता अब्रूकडे बघा. अब्रू जाते, पण तिला घेतातही, काढतात, लुटतात, वेशीवर टांगतात; ती चव्हाट्यावर येते, तिचे धिंडवडे निघतात, तिच्यासाठी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. म्हणजे अब्रू बरीचशी लोकांच्या हातात असते आणि तिच्यावर बाहेरून घाला पडू शकतो. ‘आब लुटला’ असं कुणी म्हणत नाही, आणि आबनुकसानीचा दावा कुठल्या वकिलाने लावल्याचं ऐकिवात नाही. आब ज्याचा त्यानेच राखायचा आणि बहुतेक वेळा ज्याचा त्यानेच घालवायचा. ‘विरोधकांनी त्यांचा आब काढला’ हे छापून येणारं वाक्य त्यामुळे चूक आहे. तिथे ‘अब्रू काढली’ किंवा ‘पाणउतारा केला’ हवं. भर सभेत कुणी एखाद्याचा अपमान केला, तरी अपमान झालेल्या माणसाचा आब तेवढ्याने जात नाही. तो उठून आरडाओरडा करायला लागला, तर जातो.

स्त्रियांबद्दल लिहिताना या फरकाचा मोठा उपयोग होतो. अब्रू हा शब्द बाईच्या बाबतीत फार लवकर तिच्या शरीराशी नेऊन जोडला जातो. आब मात्र बाई आणि पुरुष दोघांनाही सारखाच लागू पडतो आणि नजर वागण्यावरच ठेवतो. अर्थात ‘घराचा आब राख’ हे सुनेला आणि लेकीला जितक्यांदा ऐकवलं गेलं तितकं मुलाला ऐकवलं गेलेलं नाही. तो दोष सांगणाऱ्यांचा.

आता सुचवलेल्या शब्दांकडे येऊ. रुबाब दिसायला प्रेक्षक लागतात. कपडे, गाडी, आवाज, मागेपुढे फिरणारी माणसं, यांतून तो उभा राहतो. रुबाब वाईट असतोच असं नाही, पण तो दाखवायचाच असतो. सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकात हे दोन शब्द एकाच नटाच्या अंगावर वेगवेगळे दिसतात. तिथे लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट ऐनवेळी रचतो. नेपथ्य म्हणावं तर एक साधं बाकडं, आणि तेच सिंहासन. राजपार्टी नटाचा, म्हणजे राजाचं काम करणाऱ्याचा, रुबाब पेटाऱ्यातून निघतो : किरीट, भरजरी पोशाख, रंग. आब त्याला त्या बाकड्यावर स्वतःच उभा करावा लागतो. वाक्य पुरं करून मग बसायचं. समोरचं पात्र तावातावाने बोलत असताना त्याला पुरतं बोलू द्यायचं आणि मान सावकाश वळवायची. तलवारीच्या मुठीवर हात ठेवायचा, पण प्रत्येक वाक्याला ती उपसायची नाही. विनोदी पात्र मालवणीतून खेचत असलं तरी आपली भाषा घसरू द्यायची नाही. नवखा नट पहिल्या पाच मिनिटांत आवाज टिपेला नेतो, मग युद्धाच्या प्रवेशाला त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही. पोशाख तसाच असतो, रुबाबही असतो, राजा मात्र उरत नाही.

स्वाभिमान ही आतली भावना आहे. ती दुखावते, जागी होते, डिवचली जाते, पेटूनही उठते. आबाला असं काही होत नाही, कारण आब म्हणजे भावना नव्हे, वागणूक. माणूस अत्यंत स्वाभिमानी असून त्याला आब अजिबात नसतो, हे शक्य आहे. दर दोन वाक्यांनी ‘मी कुणाचं ऐकून घेत नाही’ म्हणणारा माणूस आठवा. तुमच्या लेखात बाईंना काय वाटलं ते सांगायचं असेल तर ‘स्वाभिमान’ चालेल. त्या कशा वागल्या ते सांगायचं असेल तर ‘आब’च.

कोकणात सगळ्यात जास्त गल्लत होते ती मान आणि आब यांची, आणि त्याला कारण आहे. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत रीतीत, मान ही ठरलेली वस्तू असते. मानकरी ठरलेले, मानाचा नारळ ठरलेला, शिमग्यात पालखीला खांदा कुणाचा आणि पालखी आधी कुणाच्या दारात हेही ठरलेलं. हा मान पिढीजात चालतो, लोकांनी द्यायचा असतो, आणि दिला नाही तर त्यावरून भांडता येतं. आब असा वारशाने येत नाही आणि मागताही येत नाही. म्हणून ‘माझ्या पदाचा आब राखा’ असं खुर्चीवरचा माणूस समोरच्यांना सांगतो तेव्हा वाक्य फसतं. समोरच्यांनी राखायचा तो मान. पदाचा आब पदावर बसलेल्यानेच राखायचा असतो. सभागृहाचा आब सभासदांनी, न्यायासनाचा आब न्यायाधीशांनी आणि वकिलांनी, मैफलीचा आब गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनीही. जो त्या गोष्टीचा भाग आहे त्याच्यावर ती जबाबदारी. लिहिताना हा एक प्रश्न विचारला की दोहोंपैकी कुठला शब्द हवा ते लगेच सुटतं : राखायचं कुणी? दुसऱ्याने, तर मान. स्वतः, तर आब.

याच्या आसपासचे दोन शब्द चटकन सांगून टाकतो. बूज राखतात ती दुसऱ्याच्या गुणांची किंवा वयाची. अदब म्हणजे दुसऱ्याशी बोलण्यावागण्यातली विनयाची रीत, तिच्यावरूनच ‘आदबशीर’. कानाला आब आणि अदब जवळचे वाटतात म्हणून ‘मोठ्यांशी आब राखून बोलावं’ असं लिहिलं जातं. तिथे ‘अदबीने’ अभिप्रेत असतं.

‘पायरी’बद्दल मात्र थोडं थांबायला हवं. ‘आपली पायरी ओळखून राहा’ हे वाक्य वरच्याने खालच्याला खालीच ठेवण्यासाठी वापरलेलं असतं. काही लेखक त्याला सौम्य पर्याय म्हणून ‘आपला आब राखून राहा’ लिहितात. दोन्ही वाक्यं जवळपास विरुद्ध आहेत. पायरी दुसऱ्याने ठरवलेली असते. आब धरणारा माणूस कुणी ठरवलेली पायरी मान्य करेलच असं नाही. जुन्या कोकणी कथा-कादंबऱ्यांच्या भाषेत आब हा बहुधा खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, वाड्याचा असायचा, कुळाला तो नसायचा. शब्द वाड्यात अडकून पडला होता, एवढाच त्याचा अर्थ. खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १९३७ मध्ये मांडलं. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून काही वर्षं खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. वर्षानुवर्षं उपासमार सोसून नकारावर ठाम राहणाऱ्या कुळांबद्दल ‘आब राखून’ लिहिलं तर शब्दाला काहीही होत नाही. मच्छीच्या लिलावात पडलेला भाव ऐकून एक शब्द न बोलता टोपली परत उचलणाऱ्या कोळणीबद्दलही बिनधास्त लिहा.

हे सगळे शब्द एकाच घटनेवर लावून पाहायचे तर महाड घ्या. २० मार्च १९२७ ला लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सार्वजनिक तळ्याचं पाणी भरणं हा त्यांचा हक्क होता. आपण माणूस आहोत आणि कुणाहून कमी नाही, ही जाणीव म्हणजे स्वाभिमान. राज्यघटनेच्या भाषेत पुढे आली ती प्रतिष्ठा. लोक मिरवणुकीने, शिस्तीत तळ्यापर्यंत गेले आणि नंतर हल्ला झाल्यावरही सूड घ्यायचा नाही हे डॉ. आंबेडकरांचं सांगणं त्यांनी मानलं, या वागण्याला आब म्हणावं. ‘महाडचा सत्याग्रह हा आबाचा लढा होता’ असं मात्र लिहू नका. लढा हक्कासाठी होता. आब हे लढ्याचं कारण म्हणून लावलं की हक्काचा प्रश्न वागणुकीचा होऊन बसतो आणि लेखकाच्या नकळत मुद्दा पातळ होतो.

आता फारसीपणाबद्दल. होय, शब्द फारसी आहे. आब म्हणजे पाणी, त्यावरून रत्नाचं, मोत्याचं, पात्याचं तेज, त्यावरून माणसाचं. मराठी माणसाला हा प्रवास समजावून सांगावा लागत नाही, कारण आपलं ‘पाणी’ नेमक्या त्याच वाटेने गेलं आहे. मोत्याचं पाणी, तलवारीला पाणी देणं, पाणीदार डोळे, माणसाचं पाणी जोखणं. अब्रू त्याच घरातली : फारसीत आब आणि रू, म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. आबकारी, गुलाब, पंजाब यांतही तोच आब आहे. आणि शुद्धीचाच आग्रह असेल तर हेही लक्षात घ्यावं की फारसी ‘आब’ आणि संस्कृत ‘आप’ ही एकाच जुन्या शब्दाची दोन रूपं आहेत. परका म्हणून हाकलायचा तो चुलतभाऊ निघतो.

रत्नागिरीत हा वाद नवा नाही. सावरकर १९२४ ते १९३७ तिथे स्थानबद्ध होते आणि त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीचा जोरदार पुरस्कार केला. ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द त्यातून रुळले आणि आज ते कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. ते रुळले कारण ते वस्तूंची आणि पदांची नावं होती, एक काढून दुसरं बसवता येत होतं. आबाच्या जागी बसेल असा एक शब्द सापडत नाही. ‘आत्मसन्मान’ भावनेकडे जातो, ‘प्रतिष्ठा’ समाजातल्या स्थानाकडे, ‘शालीनता’ नुसत्या सौम्यपणाकडे, आणि ‘आत्मगौरव’ तर थेट स्वतःची पाठ थोपटण्याकडे. शब्द बदलायला हरकत नाही, पण बदललेला शब्द निदान तेवढंच काम करणारा हवा.

फारसी मूळ सांगताना एक फसवा नातेवाईक टाळा. पालखीपुढे चालते ती अब्दागिरी आबावरून आलेली नाही. तो ‘आफ्ताबगीर’, म्हणजे ऊन अडवणारा. आफ्ताब म्हणजे सूर्य. देवळाच्या माहितीफलकावर ‘आब वाढवणारी ती अब्दागिरी’ अशी व्युत्पत्ती रंगवायचा मोह होतो. दिसायला छान, पण खोटी. तसाच ‘आभा’शीही संबंध नाही. तो संस्कृत शब्द, प्रभेचा भाऊ. म्हणून ‘आभ राखला’ हे लेखन चूकच.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक वेगळीच आहे : आब आणि आव. ‘आव आणणे’ म्हणजे नसलेली गोष्ट असल्याचं भासवणं. शहाणपणाचा आव, साळसूदपणाचा आव. बोलताना ब आणि व एकमेकांत मिसळतात आणि मग ‘त्याने मोठेपणाचा आब आणला’ असं उमटतं. नियम सोपा आहे. आणतात तो आव, राखतात तो आब. मुद्रितात ‘आब आण-’ एवढं शोधलं तरी बहुतेक चुका सापडतात. उलट चूक, ‘आव राखला’, क्वचित होते.

लिंग : आजच्या छापील मराठीत पुल्लिंगीच चालवा. आपला आब, पदाचा आब, आब गेला. ‘आपली आब’ हे हिंदी-उर्दूच्या सवयीने येतं, कारण तिथे तेज या अर्थी शब्द स्त्रीलिंगी आहे. जोडीला ‘अब्रू’ स्त्रीलिंगी असल्यानेही जीभ तिकडे वळते. अनेकवचन नाही. सामान्यरूप ‘आबा-’ होतं आणि तिथे गंमत आहे. ‘या प्रकाराने आबाला धक्का बसला’ हे वाचून निम्म्या वाचकांना घरातले आजोबा आठवतात. व्याकरण बरोबर आहे, तरी असं वाक्य फिरवून घ्या : ‘या प्रकाराने पदाचा आब राहिला नाही.’ ‘आबदार’ हे विशेषण मोत्याला, रत्नाला लावा. माणसाला लावलं तर कानाला खटकतं, ‘आब असलेली बाई’ हे सरळ.

व्याकरणातल्या पुरुषाप्रमाणेही शब्दाचा वापर बदलतो. दुसऱ्याबद्दल भूतकाळात : ‘त्यांनी आब राखला’. स्वतःबद्दल निश्चय म्हणून : ‘आपण आपला आब राखून राहावं’. पण ‘मी माझा आब राखला’ हे कधीही लिहू नका. न मिरवणं हा शब्दाच्या अर्थाचाच भाग असल्याने दावा केला की तो त्याच क्षणी खोटा पडतो. सत्काराच्या उत्तरात हे वाक्य हमखास येतं.

लेखनात आब कसा राखतात हे विचारलेलं नाही, पण शब्दाचा अर्थ तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो म्हणून एक नमुना देतो. बागायतदाराने दलालाला लिहायचं आहे, कारण हापूसच्या पेट्या पोचल्या आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आलेली नाही. पहिली तऱ्हा : ‘आम्ही गरीब शेतकरी, आपल्याच भरवशावर आहोत, कृपा करून काहीतरी पाठवावे.’ दुसरी : ‘आपल्यासारख्या मोठ्या व्यापाऱ्यांना आमचे पैसे म्हणजे काय! पण आम्हीही कोण आहोत ते दाखवू!!’ पहिलीत योग्यता सोडली, दुसरीत मिरवली. आता तिसरी :

‘१२ एप्रिलला पाठवलेल्या ४० पेट्यांची पट्टी व रक्कम आज २५ तारखेपर्यंत मिळालेली नाही. काही पेट्या डागी निघाल्या असल्यास त्यांची संख्या पट्टीत दाखवावी. दोन्ही ३० एप्रिलपर्यंत पाठवावे. तोवर पुढचा माल आपल्याकडे पाठवत नाही.’

काय केलं ते बघा. तारीख आणि संख्या आधी, म्हणजे बोलणं वस्तुस्थितीवर राहिलं. समोरच्याला खरं कारण सांगायला जागा ठेवली. मुदत दिली. आणि शेवटी धमकी दिली नाही, तर आपल्या हातात जे आहे तेवढंच सांगितलं. माल न पाठवणं हे आपल्या हातात असतं, ‘बघून घेऊ’ हे नसतं. हाच मजकूर बिघडतो तो तीन ठिकाणी. ‘आजवर कधी तक्रार केली नाही’ असं जुनं उकरून काढलं की गाऱ्हाणं सुरू होतं. ‘आपण’चं मध्येच ‘तुम्ही’ झालं की राग दिसतो. आणि शेवटी ‘गैरसमज नसावा’ जोडलं की आधीची चार वाक्यं मागे घेतल्यासारखी होतात. हे शेवटचं आपल्याकडे फार. भीड म्हणून ते घातलं जातं आणि समोरचा मुदत विसरतो.

राहिलं भाषांतर. इंग्रजी मजकुरात ‘डिग्निटी’ दिसली की दर वेळी आब लावू नका. राज्यघटनेच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहे आणि कायद्याच्या, सरकारी, हक्कांच्या मजकुरात तोच शब्द ठेवावा. रुग्णसेवा, वृद्धांची शुश्रूषा, शेवटचा काळ, इथे ‘सन्मान’. सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१८ चा निकाल मराठी वर्तमानपत्रांत ‘सन्मानाने मरण्याचा हक्क’ असाच आला आणि ते योग्य झालं, कारण तिथला सन्मान इतरांनी द्यायचा आहे, रुग्णाने राखायचा नाही. व्यक्तिचित्र, मृत्युलेख, कथा-कादंबरीतला प्रसंग, खेळातला पराभव, राजीनामा, घटस्फोट, अशा ठिकाणी माणूस कसा वागला हे सांगायचं असेल तेव्हा आब. आणि इंग्रजीत नुसता ‘पॉइझ’ असेल, म्हणजे शरीराचा आणि मनाचा तोल, तर ‘तोल’ पुरतो. नर्तकीच्या उभं राहण्याला तोल म्हणावं. तिला मानधन कमी दिलं आणि ती तरीही पूर्ण कार्यक्रम करून, हिशेब शांतपणे मागून निघाली, तर तिथे आब लिहावा.